शिष्यवृत्तीच्या अर्जात वॉर्डातली गोष्ट कशी सांगावी

क्लिनिकल प्रशिक्षणासाठीच्या बऱ्याच शिष्यवृत्त्यांच्या अर्जात एक रकाना असा असतो, जिथे गुणपत्रिका कामाला येत नाही. 'तुमच्या वैद्यकीय शिक्षणातला एखादा अनुभव सांगा', 'तुम्हाला घडवणारा प्रसंग लिहा', अशा शब्दांत तो विचारलेला असतो आणि पाचशे-सातशे शब्दांची जागा दिलेली असते. ठाण्यातल्या एका छोट्या न्यासासाठी मी असे अर्ज वाचते. पहिल्या फेरीत जे अर्ज मागे पडतात त्यातली बरीच मुलं हुशार असतात, कष्टाळू असतात, त्यांच्याकडे सांगण्यासारखंही भरपूर असतं. पण त्यांनी गोष्ट सांगितलेलीच नसते, विनंती केलेली असते.

दोष मुलांचा नाही. शाळेपासून आपल्याला अर्ज लिहायला शिकवतात: 'घरची परिस्थिती हलाखीची असल्याने', 'सहानुभूतीपूर्वक विचार व्हावा', 'आपला आज्ञाधारक'. मुख्याध्यापकांना फी-माफीसाठी लिहायचं तर तो साचा ठीक. इथे वाचणारे डॉक्टर असतात, निवृत्त प्राध्यापक असतात, कधी एखादी अनुभवी मेट्रन असते. परिस्थिती किती हलाखीची आहे हे त्यांना उत्पन्नाच्या दाखल्यावरून कळतं. रुग्णासमोर उभं राहिल्यावर तुमचं डोकं कसं चालतं हे मात्र कुठल्याच दाखल्यावर लिहिलेलं नसतं. ते तुमच्या गोष्टीत दिसावं, यासाठी तो रकाना आहे.

पुढचं सगळं पहिल्यांदा अर्ज करणाऱ्यांसाठी आहे. एमबीबीएसच्या उदाहरणांनी लिहिलं असलं तरी नर्सिंग, फिजिओथेरपी, बीडीएसच्या मुलांनाही तसंच लागू पडेल.

आधी बघा, गोष्ट मागितली आहे का

हे विचित्र वाटेल, पण सुरुवात इथून करा. सगळ्या शिष्यवृत्त्यांना गोष्ट लागत नाही. राज्य सरकारच्या महाडीबीटी पोर्टलवरच्या योजना, उदाहरणार्थ राजर्षी शाहू महाराज शिक्षण शुल्क शिष्यवृत्ती किंवा डॉ. पंजाबराव देशमुख वसतिगृह निर्वाह भत्ता, कागदपत्रांवर चालतात. तिथे तुमचं लेखन कुणी वाचणार नाही. उत्पन्नाचा दाखला, डोमिसाईल, कॅप राउंडचं (केंद्रीय प्रवेश फेरीचं) अलॉटमेंट लेटर, आधारशी जोडलेलं बँक खातं, एवढं वेळेत आणि नीट चढवलं की तुमचं काम झालं. आयसीएमआरची (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेची) अल्प मुदतीची विद्यार्थी संशोधन योजना आणखी वेगळी. तिथे संशोधनाचा आराखडा लागतो. तुम्ही किती हळवे आहात याच्याशी त्यांना कर्तव्य नाही. १८९२ साली सुरू झालेली जे. एन. टाटा एंडोमेंट परदेशातल्या उच्च शिक्षणासाठी आहे आणि ती कर्जरूपाने मिळते, म्हणजे फेडावी लागते. हे न वाचताच अर्ज करणारे दरवर्षी भेटतात.

गोष्ट लागते ती प्रामुख्याने खाजगी न्यासांना, कॉलेजच्या माजी विद्यार्थी संघांना, बाहेरच्या रुग्णालयात इलेक्टिव्ह (आवडीच्या विषयातलं थोड्या दिवसांचं प्रशिक्षण) किंवा ऑब्झर्व्हरशिपसाठी (नुसतं बघून शिकण्यासाठी) मदत देणाऱ्या संस्थांना. ब्रिटिश सरकारच्या चेव्हनिंगसारख्या परदेशी शिष्यवृत्तीतही निबंध असतात, पण तिला २,८०० तासांचा कामाचा अनुभव लागतो, त्यामुळे तिचा विचार इंटर्नशिपनंतर काही काळ काम करून झाल्यावरच करायचा. जाहिरात दोनदा वाचा आणि प्रश्न जसाच्या तसा वहीत उतरवा. 'अनुभव सांगा' आणि 'उद्दिष्ट सांगा' हे दोन वेगळे प्रश्न आहेत. एकाचं उत्तर दुसऱ्याला चिकटवलेलं वाचणाऱ्याला पहिल्या परिच्छेदातच कळतं.

माल आधी जमवायचा

अर्जाची तारीख जवळ आली की मुलं आठवायला बसतात आणि मग आठवतं ते सगळ्यांना आठवतं तेच. ज्यांच्याकडे नोंदी असतात त्यांचं लेखन वेगळं उठून दिसतं.

एमबीबीएसच्या २०१९ पासूनच्या अभ्यासक्रमात लॉगबुक, म्हणजे केलेल्या-बघितलेल्या कामाची नोंदवही आली, त्यात अनुभवावर चिंतन लिहिण्याचं बंधन आलं. बऱ्याच ठिकाणी ते चिंतन सबमिशनच्या आदल्या रात्री एकाचं बघून दहा जण उतरवतात. तुम्ही तसं करू नका असं मी कळकळीने सांगेन. शिक्षकांची भीती म्हणून नव्हे. शिष्यवृत्तीच्या गोष्टीचा कच्चा माल नेमका तिथेच साठतो म्हणून. लॉगबुक कॉलेजला द्यायचं असतं, तेव्हा स्वतःची एक छोटी वही वेगळी ठेवा. वॉर्डातून बाहेर पडलात की कळव्याच्या किंवा नेरूळच्या प्लॅटफॉर्मवर गाडीची वाट बघताना दहा ओळी लिहून होतात. रुग्णाचं नाव लिहायचं नाही. लिहायचं ते एवढंच: आज काय बघितलं, रुग्ण किंवा नातेवाईक नेमकं काय म्हणाले, मला तेव्हा काय वाटलं, मी काय विचारलं आणि काय विचारायचं राहिलं.

यातलं 'नेमकं काय म्हणाले' हे सगळ्यात मोलाचं. महिन्याभराने घटना आठवते, पण शब्द आठवत नाहीत. 'रुग्णाने औषध बंद केल्याचे सांगितले' असं कुणीही लिहील. 'गोळी घेतली की मशीनवर डोळे मिटतात, मग मुकादम ओरडतो' हे भिवंडीच्या यंत्रमागावर रात्रपाळी करणाऱ्यानेच सांगितलेलं असतं. शिवाय ज्याने ते ऐकून लिहून ठेवलं, तो विद्यार्थी लक्ष देऊन ऐकतो हे न सांगता कळतं.

आपल्या ठाणे-नवी मुंबई भागाचा एक फायदा आहे, तोही लक्षात ठेवा. कळव्याच्या छत्रपती शिवाजी महाराज रुग्णालयात मुंब्रा-दिव्याचे रुग्ण येतात तसे शहापूर-मुरबाडच्या पाड्यांवरचेही येतात. नवी मुंबईत एपीएमसीतले माथाडी, एमआयडीसीतले कंत्राटी कामगार आणि पाम बीच रोडवरच्या टॉवरमधले लोक कधीकधी एकाच ओपीडीच्या रांगेत दिसतात. खारघरच्या ॲक्ट्रेक या टाटा मेमोरियलच्या केंद्रात कॅन्सरच्या उपचारासाठी कुठून कुठून आलेली कुटुंबं असतात. एवढी विविधता दररोज समोर असताना 'माझ्याकडे सांगण्यासारखं काही नाही' हे मला पटत नाही.

कुठला प्रसंग निवडायचा

एकच. पाचशे शब्दांत दोन प्रसंग मावत नाहीत, तीन तर नाहीतच.

काही प्रसंग मनाला फार जवळचे असतात, पण अर्जात ते चालत नाहीत. आजोबांच्या छातीत दुखलं आणि तेव्हाच ठरवलं की डॉक्टर व्हायचं. डिसेक्शन हॉलमधला पहिला दिवस. कोविडच्या काळात टीव्हीवर बघितलेले पीपीई किटमधले डॉक्टर. पहिला मृत्यू. या गोष्टी खोट्या नाहीत, त्यातलं दुःखही खरं असतं. पण त्या इतक्यांनी इतक्या सारख्या लिहिलेल्या असतात की तुमचं वेगळेपण त्यात बुडून जातं. आणि आजोबांच्या गोष्टीत तुम्ही नातू असता, डॉक्टरकीचे विद्यार्थी नसता.

निवडायचा तो असा प्रसंग, ज्यात तुम्ही काहीतरी ठरवलं किंवा बदललं. ते लहान असलं तरी चालेल, खरं तर लहानच बरं. रुग्णाची हिस्ट्री, म्हणजे आजाराची माहिती, घेताना एक जास्तीचा प्रश्न विचारलात. डिस्चार्ज कार्ड इंग्रजीत होतं म्हणून मागच्या बाजूला मराठीत गोळ्यांच्या वेळा लिहून दिल्यात. सिस्टरांनी ड्रेसिंग करताना तुम्हाला एक गोष्ट दाखवली आणि तेव्हापासून जखम बघायची तुमची पद्धत बदलली. कुटुंब दत्तक कार्यक्रमात, म्हणजे विद्यार्थ्याने ठरावीक कुटुंबांच्या आरोग्याकडे लक्ष ठेवण्याच्या उपक्रमात, ज्या घरी जात होतात तिथल्या आजींनी तुम्हाला दारातूनच परत पाठवलं, मग पुढच्या वेळी तुम्ही वेगळं काय केलंत, हेही उत्तम.

एक कसोटी सांगते. लिहिलेलं वाचून तुमच्या बॅचमधला दुसरा कुणी त्याखाली स्वतःचं नाव घालू शकेल का? घालू शकत असेल तर तो प्रसंग अजून तुमचा झालेला नाही.

आनंदीबाईंचं पत्र

वैद्यकीय शिक्षणासाठी स्वतःची गोष्ट लिहून प्रवेश आणि मदत मिळवण्याची आपल्याकडची सगळ्यात जुनी आठवण कल्याणशी जोडलेली आहे. डॉ. आनंदीबाई जोशी यांचं माहेर कल्याणचं. १८८३ च्या जूनमध्ये त्यांनी फिलाडेल्फियातल्या विमेन्स मेडिकल कॉलेज ऑफ पेनसिल्व्हेनियाला पत्र लिहिलं, तिथे त्यांना प्रवेश मिळाला, शिष्यवृत्ती मिळाली, आणि १८८६ मध्ये त्या एम. डी. झाल्या.

त्या पत्राकडे अर्ज म्हणून बघा. आपली पात्रता सगळ्या अटींत बसेलच असं नाही, हे त्या लपवत नाहीत. आप्तांचा आणि जातीचा विरोध पत्करून इथवर आलेला निश्चय हीच आपली जमेची बाजू म्हणून मांडतात. आणि मग थेट सांगतात की हे शिक्षण कुणासाठी हवं आहे: आपल्या देशातल्या त्या बायकांसाठी, ज्या पुरुष डॉक्टरकडून उपचार घेण्यापेक्षा मरण पत्करतील. चौदाव्या वर्षी झालेलं मूल उपचारांअभावी दगावण्याचं दुःख या बाईंनी सोसलं होतं. त्यांचं ते गाजलेलं वाक्य मात्र त्या दुःखापाशी थांबत नाही. कुणाची अडचण, ती का सुटत नाही आणि मी त्यात काय करणार, या क्रमाने ते पुढे जातं. अमेरिकेत बसलेल्या समितीला हिंदुस्थानातली स्थिती ठाऊक नव्हती, ती त्यांनी एका ओळीत समजावली. तुमची समिती ठाण्यात बसलेली असली तरी तिलाही दिव्याच्या चाळीतलं स्वयंपाकघर ठाऊक असेलच असं धरून चालू नका.

प्रत्यक्ष लिहिताना

आता एक उदाहरण. मी कल्पनेने रचलेलं आहे, कुणा खऱ्या रुग्णाचं नाही. एका विद्यार्थिनीचा पहिला मसुदा असा असू शकतो:

'लहानपणापासून डॉक्टर होऊन गोरगरिबांची सेवा करण्याचे माझे स्वप्न होते. मेडिसिनच्या पोस्टिंगमध्ये मला मधुमेहाच्या अनेक रुग्णांना भेटण्याची संधी मिळाली. त्यांच्या वेदना पाहून माझे मन हेलावले. रुग्णाशी संवाद किती महत्त्वाचा असतो हे मला उमगले.'

यात चूक काही नाही. पण दिसतही काही नाही. कोण रुग्ण, कुठली वेदना, काय संवाद? आता तिचंच पोस्टिंग, तोच विषय:

'मेडिसिन ओपीडीत एक मावशी आल्या होत्या. इन्सुलिनचा डोस दोनदा वाढवला होता, तरी साखर तीनशेच्या वर. केस पेपरवर लिहिलं होतं, औषध अनियमित. मी विचारलं, मावशी, इंजेक्शनची बाटली कुठे ठेवता? म्हणाल्या, ओट्यावर, गॅसच्या बाजूला, हाताला पटकन लागते. घरात फ्रिज नव्हता, वर पत्रा, मे महिना. बाटली त्यांनी पिशवीतून काढून दाखवली. ती उघडून दोन महिने होत आले होते. मी रेसिडेंट मॅडमना सांगितलं. त्यांनी डोस वाढवायचं थांबवून नवी बाटली लिहून दिली आणि मला म्हणाल्या, आता फ्रिज नसताना कुठे ठेवायची ते तू समजावून सांग. मला सांगता येईना. फ्रिजमध्ये ठेवा, एवढंच मला ठाऊक होतं.'

हा दुसरा मसुदा चांगला का, तर त्यात बाटली दिसते. ओटा दिसतो. मावशी औषध घेत होत्या आणि कागद म्हणत होता की घेत नाहीत, हा विरोध दिसतो. आणि शेवटच्या दोन वाक्यांत विद्यार्थिनी स्वतःच्या ज्ञानाच्या कडेला येऊन उभी राहते. गोष्ट खरी सुरू होते ती इथून. पुढे तिने काय केलं हे वाचायला मी आतुर होते.

पुढचा परिच्छेद असा जाऊ शकतो: तिने कम्युनिटी मेडिसिनच्या सरांना विचारलं. मोठ्या माठात ओली वाळू, त्यात लहान मडकं आणि त्यात बाटली ठेवायची, घरातल्या गार कोपऱ्यात, ही रीत तिला कळली. वापरात असलेली बाटली साधारण चार आठवड्यांनी बदलायची असते हे तिने पुन्हा वाचून घेतलं आणि उघडल्याची तारीख बाटलीवर चिकटपट्टी लावून लिहायला मावशींना शिकवलं. पुढच्या भेटीत साखर उतरली होती, पण हवी तेवढी नाही. मग तिने मावशींना सिरिंज भरून दाखवायला सांगितलं, तेव्हा लक्षात आलं की त्यांना रेघाच नीट दिसत नाहीत. डोळ्यांच्या ओपीडीची चिठ्ठी दिली गेली. तेव्हापासून इन्सुलिन चालू असलेल्या प्रत्येक रुग्णाला ती तीन गोष्टी विचारते: कुठे ठेवता, कधी उघडली, भरून दाखवा.

साखर एका भेटीत नॉर्मल झाली असं लिहिलं असतं तर वाचणारे डॉक्टर तिथेच थांबले असते. अर्धवट यश लिहायला घाबरू नका. ते खरं वाटतं, कारण ओपीडीत तसंच घडतं.

शेवटचा भाग मागणीचा. शिष्यवृत्तीतून काय हवं आहे ते याच प्रसंगातून निघालं पाहिजे. वरच्या विद्यार्थिनीने मधुमेहाच्या मोठ्या केंद्रात रुग्णशिक्षणाचं काम शिकायला इलेक्टिव्ह मागितलं तर दुवा आपोआप जुळतो. तिने अचानक रोबोटिक सर्जरीची आवड लिहिली तर आधीची सगळी मेहनत वाया. जिथे जायचं आहे त्या विभागाचं नाव, तिथे नेमकं काय शिकायचं आणि परत आल्यावर ते कुठे वापरणार, हे चार-पाच वाक्यांत लिहा. 'समाजाची सेवा' असं मोघम लिहू नका, ओपीडीचं नाव लिहा.

सुरुवातीबद्दल एवढंच की थेट ओपीडीत किंवा वॉर्डात सुरू करा. जन्म, गाव, दहावीचे टक्के हे अर्जाच्या इतर रकान्यांत आलेलं असतं. सुविचार तर नकोच.

आपली जागा ओळखून लिहा

विद्यार्थी म्हणून तुम्ही देखरेखीखाली काम करता. तिसऱ्या वर्षाच्या मुलाने 'मी रुग्णाचे प्राण वाचवले' असं लिहिलं की समितीतले डॉक्टर एकमेकांकडे बघतात. 'मी बघितलं', 'मी विचारलं', 'मी सरांच्या लक्षात आणून दिलं', 'सिस्टरांना मदत केली', या क्रियापदांत कमीपणा नाही. उलट कुठली गोष्ट तुमची आणि कुठली युनिटची, हे ज्याला नीट वेगळं करता येतं त्याच्यावर विश्वास बसतो. वॉर्डातल्या मावशी, मामा, सिस्टर यांच्याकडून शिकलात तर तसं लिहा.

आणि दुसऱ्या डॉक्टरला खलनायक करू नका. 'औषध अनियमित' असं लिहिणाऱ्याच्या ओपीडीत त्या दिवशी किती गर्दी होती, हे तुम्हालाही ठाऊक असतं.

रुग्णाची ओळख

या बाबतीत मी अजिबात सूट देणार नाही. गोष्ट तुमची असली तरी आजार रुग्णाचा आहे.

नाव, केस पेपर नंबर, वॉर्ड-बेड, तारीख, फोटो, एक्स-रे, रिपोर्टचा स्क्रीनशॉट, यातलं काहीही अर्जात नको. एवढ्याने भागत नाही. 'मुरबाडजवळच्या अमुक पाड्यावरच्या एकुलत्या एक शिक्षिका' असं लिहिलंत तर नाव न लिहिताही अख्खा तालुका ओळखेल. वय थोडं बदला, गावाऐवजी 'ग्रामीण भाग' लिहा, गोष्टीला गरज नसेल तर व्यवसाय बदला. आजार दुर्मीळ असेल तर जास्तच सांभाळा. आणि तपशील बदलले आहेत असं एक वाक्य खाली लिहा. त्याने तुमची विश्वासार्हता वाढतेच.

रुग्ण अजून संपर्कात असेल तर विचारा. सोप्या मराठीत विचारा, घाई नसताना विचारा, नाही म्हणाले तर विषय तिथेच सोडा. भारतीय वैद्यक परिषदेच्या २००२ च्या व्यावसायिक आचारसंहितेत रुग्णाची ओळख पटेल अशा रीतीने त्याचा फोटो किंवा केस परवानगीशिवाय प्रसिद्ध करायला मनाई आहे. तुम्ही अजून नोंदणीकृत डॉक्टर नसलात तरी पुढे ज्या नियमांत राहायचं आहे ते आजपासून पाळा. मानसिक आजार आणि एचआयव्ही या दोन्हींसाठी २०१७ च्या स्वतंत्र कायद्यांत गोपनीयतेची तरतूद आहे, आणि पोक्सो या बाललैंगिक अत्याचारविरोधी कायद्याखालच्या प्रकरणांतल्या मुलांची ओळख उघड करणं हा गुन्हा आहे. ठाण्याच्या मनोरुग्णालयात पोस्टिंग झालं असेल आणि तिथला प्रसंग मनात घर करून बसला असेल, तर लिहिण्याआधी विभागातल्या शिक्षकांशी बोला. काही प्रसंग आपल्या वहीतच राहिलेले बरे.

घरच्या परिस्थितीबद्दल

लिहावं, पण साधं आणि आकड्यांत. वडील रिक्षा चालवतात, आई पोळी-भाजी केंद्रात जाते, धाकट्या भावाची बारावी आहे, वसतिगृहाचं आणि मेसचं मिळून इतकं, शैक्षणिक कर्जाचा हप्ता इतका, म्हणून या इलेक्टिव्हचा प्रवास आणि राहण्याचा खर्च आम्हाला झेपत नाही. बास. आईच्या हातांवरचे घट्टे, वडिलांचे अश्रू हे नको. आई-वडिलांचा मान राखायचा तर त्यांचे कष्ट कीव वाटेल असे मांडू नका. खर्चाचा तक्ता वेगळा जोडा आणि त्यात प्रत्येक रक्कम कशाची ते लिहा. गोल आकडे टाळा.

भाषा

अर्ज इंग्रजीत मागितला असेल तरी पहिला मसुदा मराठीत लिहा, निदान ज्यांचा विचार मराठीत चालतो त्यांनी. रुग्णाशी बोलणं मराठीत किंवा हिंदीत झालेलं असतं, ते आधी त्याच भाषेत कागदावर येऊ द्या. मग इंग्रजीत नव्याने लिहा, शब्दाला शब्द ठेवत बसू नका. चॅटजीपीटीसारख्या साधनाकडून व्याकरण तपासून घेणं समजू शकतं. पण प्रसंगच त्याच्याकडून लिहून घेतलात तर त्यात ओटा आणि गॅसची शेगडी येणार नाही, कारण ती त्याने बघितलेली नाही. एकाच धाटणीची गुळगुळीत वाक्यं लागोपाठ आठ अर्जांत आली की आम्ही ते अर्ज बाजूला ठेवतो.

मसुदा झाला की दोन दिवस ठेवून द्या. मग मोठ्याने वाचा. जिथे जीभ अडखळते तिथे वाक्य मोडा. नंतर दोघांना वाचायला द्या: युनिटमधल्या एखाद्या सीनियरला, म्हणजे वैद्यकीय चूक राहणार नाही, आणि घरातल्या अशा कुणाला, ज्यांना वैद्यकातलं काही कळत नाही. आईने विचारलं, 'अगं, मग त्या बाईंचं पुढे काय झालं?' तर गोष्ट जमली.

कागदपत्रं आणि शिफारसपत्र

इथे घाई नडते. शिफारसपत्र ज्यांनी तुम्हाला वॉर्डात बघितलंय अशा शिक्षकांकडून घ्या. डीनच्या सहीचं पण तुम्हाला न ओळखणारं पत्र त्यापुढे फिकं पडतं. किमान तीन आठवडे आधी विचारा आणि सोबत मसुदा द्या, म्हणजे त्यांच्या पत्रात आणि तुमच्या गोष्टीत तोच प्रसंग दोन बाजूंनी येईल. बोनाफाईड आणि सही-शिक्का यासाठी ऑफिसला वेळ द्या. खिडकीवरच्या क्लार्कशी आदराने बोला, शेवटच्या दिवशी तेच उपयोगी पडतात.

नवी मुंबईतल्या मुलांचा एक घोळ नेहमी होतो. नेरूळ, वाशी, ऐरोली, बेलापूर ही ठाणे तालुक्यात, ठाणे जिल्ह्यात येतात. खारघर, कामोठे, कळंबोली ही पनवेल तालुक्यात, म्हणजे रायगड जिल्ह्यात. पत्त्यात सगळीकडे 'नवी मुंबई' लिहिलं तरी उत्पन्नाचा दाखला आपापल्या तहसीलचाच निघतो. एखादा न्यास फक्त ठाणे जिल्ह्यातल्या रहिवाशांसाठी असेल तर कामोठ्याच्या मुलाचा अर्ज कितीही सुंदर असला तरी बाद होतो. कॉलेज कुठे आहे आणि घर कुठे आहे, यातलं काय धरलं जातं हे जाहिरातीत बघा, नसेल तर फोन करून विचारा.

मुलाखतीला बोलावलं तर

प्रश्न तुमच्या गोष्टीवरूनच येणार. इकडच्या समित्या बऱ्याचदा मराठीतच बोलतात, तेव्हा इंग्रजीत पाठ केलेलं भाषण गळून पडतं. त्या रुग्णाचा आजार पुन्हा वाचून जा. इन्सुलिनची गोष्ट लिहिली असेल तर इन्सुलिनचे प्रकार, कुठे टोचायचं, साखर एकदम उतरली तर काय करायचं, हे विचारणारच. 'पुन्हा तसा रुग्ण आला तर काय वेगळं कराल?' हा प्रश्न मी स्वतः नेहमी विचारते आणि उत्तर देण्याआधी जी मुलं क्षणभर थांबून विचार करतात ती मला आवडतात. उत्तर माहीत नसेल तर 'माहीत नाही, बघून सांगते' म्हणा.

निवड झाली नाही तर मसुदा फेकू नका. समितीला नम्रपणे ईमेल करून कुठे कमी पडलं ते विचारा, काही जण खरंच उत्तर देतात. पुढच्या अर्जासाठी प्रसंग तोच ठेवून मागणीचा भाग नव्या संस्थेप्रमाणे बदला. निवड झाली तर पैसे कशावर खर्च झाले त्याच्या पावत्या पहिल्या दिवसापासून एका पाकिटात ठेवा. इलेक्टिव्ह संपल्यावर अहवाल द्यावा लागतो आणि पुढचा हप्ता बहुतेक ठिकाणी त्यावरच सुटतो. त्या अहवालासाठीही रोज संध्याकाळी वहीत दहा ओळी लिहायच्या.